पान पाच, रश क्रीकच्या गाठीभेटी

रविवारी विस्कॉन्सिनमधल्या आमच्या रश क्रीक गावात कोण कुणाकडे जेवायला गेलं, हे आयोनी क्वामेनला सोमवारी सकाळपर्यंत कळलेलं असायचं आणि गुरुवारी ते सगळ्या पंचक्रोशीला कळायचं. ‘नॉर्डल लीडर’ हे आमचं साप्ताहिक. त्याच्या पाचव्या पानावर, खाली डावीकडे, बियाण्यांच्या जाहिरातीला खेटून तिचं सदर असे. बावन्न वर्षं ते तिथेच होतं. तेवढ्या काळात संपादक सहा झाले, बियाण्यांच्या कंपन्या किती आल्या नि गेल्या त्याचा पत्ता नाही, पण आयोनी जागची हलली नाही. पिवळ्या कागदांचं पॅड, शिसपेन्सिल, आणि सोमवारी दहाच्या ठोक्याला संपादकाच्या टेबलासमोर हजर.

त्यात असायचं काय? ‘नॉर्मन आणि डेलोरेस ब्राटली यांच्याकडे रविवारी डेलोरेसची बहीण सहकुटुंब आली होती. हॅम आणि बटाटे झाले. पाच वाजता दूध काढायला मंडळी परतली.’ झालं. बातमी संपली. शहरातून आलेला माणूस हे वाचून हसतो. हसू दे बापडा. आमच्याकडची माणसं हे सदर उलटं वाचतात हे त्याला कुठे ठाऊक असतं? कुणाचं नाव आलं ते नंतर, कुणाचं आलं नाही ते आधी. ऑर्व्हिल स्टेन्सरुड हा सडाफटिंग माणूस, ना बायको ना पोर, सोबतीला चाळीस गाई. तीन आठवडे ऑर्व्हिलचं नाव दिसलं नाही की चौथ्या आठवड्यात कुणीतरी केक घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं. कुणीच नाही गेलं तर आयोनी स्वतः जायची आणि लिहायची, ‘ऑर्व्हिल स्टेन्सरुड यांच्याकडे आयोनी क्वामेन आल्या होत्या.’ तिचा नवरा आल्विन गेला त्या आठवड्यातही तिने सदर चुकवलं नाही. ‘बुधवारी आयोनी क्वामेन यांच्याकडे चौसष्ट जण आले होते,’ एवढं लिहिलं आणि मग पदर नसलेल्या त्या बाईने ॲप्रनने डोळे पुसले.

तिचे नियम दोन. डोळ्यांनी पाहिलं असेल किंवा यजमानाच्या तोंडून ऐकलं असेल तेवढंच लिहायचं. ‘म्हणे’, ‘बहुधा’, ‘असं समजतं’ हे शब्द तिच्या पेन्सिलीला माहीतच नव्हते. आणि दुसरा नियम असा, की ज्याला आपलं नाव छापून यायला नको असेल त्याने कॉफीचा कप खाली ठेवायच्या आत तसं सांगावं. नंतरची कुरकुर ऐकली जाणार नाही. हा नियम आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ होता.

आता त्या ऑगस्टची गोष्ट. निवडणुकीचं वर्ष होतं आणि देशाला दुसरं काही कामच उरलं नव्हतं. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार सिनेटर होल्कम आपल्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी कुणाला घेणार? नाव शनिवारी जाहीर होणार होतं. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. टीव्हीवर एक टक्कल पडलेला तज्ज्ञ सकाळ-संध्याकाळ आकडे सांगायचा: फ्लोरिडाचे सिनेटर एकसष्ट टक्के, एक निवृत्त जनरल पस्तीस टक्के, आणि सगळ्यात खाली, चार टक्क्यांवर, विस्कॉन्सिनच्या गव्हर्नर रोंडा टेस्मर. रोंडाचं नाव आलं की पडद्यावर गाईचं चित्र यायचं.

ही रोंडा आमची. एल्रॉय आणि लुएला टेस्मरची थोरली. लुएला म्हणजे आयोनीची शेजारीण. दोन घरांच्या मध्ये एक मक्याचं शेत आणि पंचावन्न वर्षांची मैत्री. रोंडाला जत्रेत कालवडीबद्दल पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली ती बातमी आयोनीनेच लिहिली होती. गव्हर्नर झाली तेव्हा मात्र तिने एक ओळ खरडली नाही. “ते पहिल्या पानाचं काम,” म्हणाली. “माझ्याकडे ती घरी जेवायला आली की येईल.”

टीव्हीवरचे ते आकडे ऐकून आयोनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“पाहुणा अजून गाडीत बसला नाही,” ती पडद्याला सुनवायची, “आणि हे त्याचं जेवण लिहून मोकळे!”

त्या रविवारी दुपारी तीनला ती नेहमीप्रमाणे मक्याच्या कडेकडेने लुएलाकडे कॉफीला निघाली. अंगणात दोन काळ्या गाड्या उभ्या, बाहेरच्या राज्यातल्या. आणि सहा तरुण, सगळे उंच, सगळे एका मापाचे, अंगात चौकड्यांचे शर्ट. शर्ट इतके कोरे की दुकानातल्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. एकजण अंगण पावलांनी मोजत होता. एकजण विहिरीत डोकावत होता. एकजण गवताच्या माळ्यावर चढून वरच्या दारातून रस्ता न्याहाळत होता. आणि सहाच्या सहा जणांच्या कानांत वायर.

आयोनीला ती कानाची यंत्रंच वाटली. तीन वर्षांपूर्वी तिला कानाचं यंत्र लागलं तेव्हा तिने ऐंशी गाठली होती, आणि ही तर पंचविशी-तिशीतली पोरं! सगळे स्वयंपाकघरात लुएलाचा ‘पाय’, म्हणजे आत सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, खायला बसले तेव्हा ती त्यांच्या म्होरक्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, “कधीपासून रे बाळा हे?”

तो पोरगा चमचा घेऊन दोन इंच उडाला. “काय, मॅडम?”

“बघ, ऐकू येत नाही. लाजायचं नाही त्यात काही! हिवाळ्यात बॅटरी लवकर संपते, यंत्र आतल्या खिशात ठेवत जा. आणि नॉर्डलला डॉक्टर फेल्झिंग आहेत, त्यांना माझं नाव सांग. हाडाचा चांगला माणूस.”

म्होरक्याने खिशातून छोटी वही काढून डॉक्टर फेल्झिंगचं नाव गंभीरपणे लिहून घेतलं. एल्रॉय खिडकीबाहेर गाईंकडे बघत राहिला. त्याचे खांदे मात्र हलत होते. लुएलाने ओठ घट्ट मिटून घेतले होते. असे ओठ तिने निळ्या फितीच्या दिवशी मिटले होते, हे आयोनीला आठवलं, पण त्याचा अर्थ काही तिला तेव्हा लागला नाही.

निघताना त्यांच्यातला एकजण लुएलाला म्हणाला, “शनिवारी पायचा त्रास घेऊ नका, मॅडम. माणसं बरीच असतील.”

“शनिवारी तुम्ही येणार आणि माझ्या घरात पाय नसणार?” लुएला म्हणाली. “डोकं ठिकाणावर आहे ना?”

म्होरक्याने कॉफीचा रिकामा कप खाली ठेवला, दारात थांबून तो आयोनीकडे वळला आणि अदबीने म्हणाला, “मॅडम, आम्ही इथे आलोच नव्हतो.”

“आला नव्हतास? दोन तुकडे खाल्लेस की तू!”

सगळे गाड्यांत बसून निघून गेले. साडेचार झाले होते. आयोनीने घड्याळ पाहून ठेवलं.

संध्याकाळच्या बातम्यांत राष्ट्राध्यक्ष कुठल्याशा विमानातून उतरत होते. त्यांच्या मागे एक उंच अंगरक्षक, चेहरा दगडासारखा, कानात वायर. आयोनीच्या हातातलं विणकाम मांडीवर पडलं.

“अगं बाई!” ती रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाली. “आणि मी त्यांना बॅटऱ्या जपायला सांगितल्या!”

मग तिला सगळं लख्ख दिसलं. मोजलेलं अंगण, विहीर, रस्ता, शनिवार, आणि लुएलाचे ते ओठ. फ्लोरिडा नाही, जनरल नाही. रोंडा! ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्याली, परत आली, पुन्हा गेली. ऐंशी ओलांडलेली बाई आनंदाने घरभर येरझारा घालत होती. शेवटी तिने फोन उचलला.

“लुएला, मी आयोनी.”

“हं.”

“आज तुझ्याकडे पाहुणे होते.”

आयोनीने पॅड पुढे ओढलं.

“लिहू का?”

लुएलाने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

“आयोनी,” लुएला हळूच म्हणाली, “मला तोंड उघडायला बंदी आहे. शपथ घातलीय. पण बावन्न वर्षांत मी तुला कधी लिहू नको म्हटलंय?”

“नाही.”

“मग आजच कशाला विचारतेस?” आणि लुएलाने फोन ठेवला. तिच्या आवाजात रडू होतं की हसू, ते आयोनीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तिने पेन्सिलीला टोक केलं.

सोमवारी दहाला ती संपादकासमोर उभी राहिली. वर्षापूर्वी ‘लीडर’ मिलवॉकीच्या एका कंपनीने विकत घेतला होता आणि कंपनीने ट्रेव्हर लुंड नावाचा तेहेतीस वर्षांचा संपादक पाठवला होता. पोरगा वाईट नव्हता. फक्त त्याचा एक डोळा कायम टीव्हीवर आणि दुसरा कंपनीच्या आकड्यांवर असायचा, त्यामुळे समोरच्या माणसासाठी डोळाच उरायचा नाही.

“मिसेस क्वामेन, बसा. जरा अवघड बोलायचंय.” त्याने खुर्ची पुढे केली. “तुमचं सदर वेबसाइटवर अकरा जण वाचतात.”

“रश क्रीकमध्ये इंटरनेटच अकरा घरांत आहे.”

“तसं नाही हो. कंपनीचं म्हणणं आहे की हल्ली कोण कुणाकडे जेवलं यात कुणाला रस नसतो. लोकांना मोठ्या बातम्या हव्यात. पुढे काय घडणार ते हवं असतं. तेव्हा या आठवड्याचं छापू, पुढच्या आठवड्यात एक निरोपाचं लिहा. मी केक मागवतो.”

आयोनीच्या हातात तो पिवळा कागद होता. ‘वाच आधी हे’ एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण मिजास तिलाही होती. बावन्न वर्षांत तिने कुठल्याच संपादकाला ‘वाच’ म्हणून गळ घातली नव्हती, आणि जे सदर वाचावंसं वाटत नाही ते वाचायला लावून वाचवण्यात तिला कमीपणा वाटला. तिला ऑर्व्हिल आठवला. आता तीन आठवडे कुणाचं नाव नाही, हे कुणाला कसं कळणार?

“केक नको,” ती उठत म्हणाली. “तुझ्यापेक्षा बरा मी करते.”

ट्रेव्हरने ते सदर स्वतः टाइप केलं. टीव्ही चालू होता, तज्ज्ञ फ्लोरिडाचं नाव घेत होता, आणि ट्रेव्हरची बोटं आपोआप चालत होती. ब्राटलींकडचं हॅम टाइप केलं, टेस्मरांकडचे पाहुणे टाइप केले, आणि डोक्यात काही शिरायच्या आत तो पहिल्या पानाकडे वळला. तिथे त्याने स्वतःचा लेख मोठ्या अक्षरात लावला: ‘रोंडाची संधी हुकली, फ्लोरिडाचीच सरशी’.

गुरुवारी सकाळी अंक घरोघर गेला. नॉर्डलमध्ये मेव्हिसच्या कॅफेत एका मोठ्या टीव्ही वाहिनीची वार्ताहर बसली होती. चार टक्के का होईना, म्हणून वाहिनीने तिला इथे टाकून ठेवलं होतं. तीन आठवड्यांत तिने कॅफेचं मेनूकार्ड, सॉसच्या बाटलीवरचा मजकूर आणि चर्चच्या भोजनाचं पत्रक सगळं वाचून संपवलं होतं. त्या दिवशी वाचायला दुसरं काही नाही म्हणून ती पाचव्या पानावर आली.

‘एल्रॉय आणि लुएला टेस्मर यांच्याकडे रविवारी बाहेरच्या राज्यातले सहा तरुण आले होते. सर्वांच्या कानात वायर होती. त्यांनी अंगण पावलांनी मोजलं, विहीर पाहिली आणि माळ्याच्या दारातून रस्ता किती लांबवर दिसतो ते पाहिलं. सफरचंदाचा पाय झाला. साडेचारला मंडळी निघाली. शनिवारी पुन्हा येणार आहेत.’

पोरगी अर्धं अंडं ताटात टाकून धावत सुटली. मेव्हिस अजून ते सांगते.

दुपारी बारापर्यंत पाचवं पान देशभर झळकलं. बियाण्यांच्या जाहिरातीसकट. टक्कलवाल्या तज्ज्ञाने तो मजकूर म्हातारीचा आवाज काढून वाचून दाखवला आणि मग स्टुडिओतली सगळी मंडळी पोट धरून हसली. “आजीबाईंनी कानाच्या यंत्रांचे विक्रेते पाहिले असावेत,” तो म्हणाला. होल्कम यांच्या प्रवक्त्याने सांगितलं की आम्ही अफवांवर बोलत नाही.

“अफवा?” आयोनी टीव्हीकडे बघून कडाडली. “सफरचंदाचा पाय होता तो!”

तेवढ्यात ट्रेव्हरचा फोन आला. “मिसेस क्वामेन, मी तर ते टाइप करताना... हे खरं आहे? कंपनीतून विचारणा होतेय. आपण खुलासा छापू या का? दिलगिरी?”

“कशाबद्दल?”

“म्हणजे... चुकीचं असेल त्याबद्दल.”

“त्यातली कुठली ओळ चुकीची आहे ते सांग.”

“पण मग रोंडा टेस्मरच ना? तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटतं ते मी बावन्न वर्षांत लिहिलं नाही, आता तुझ्यासाठी कुठे सुरू करू? वाटणाऱ्यांना तू पहिलं पान दिलंयस.”

दुपारपासून तिच्या दारात वार्ताहरांची रांग लागली. प्रत्येकाला तिने कॉफी दिली आणि प्रत्येकाचं नाव-गाव पॅडवर उतरवून घेतलं. अकरा भरले. एकालाही तिच्याकडून जास्तीचा शब्द मिळाला नाही.

पण संध्याकाळी तो तज्ज्ञ असं काही बोलला की आयोनीचा घास हातात राहिला. “समजा, हे खरं होतं,” तो म्हणाला. “तरी आता नाही. होल्कम यांना बातमी फुटलेली खपत नाही. मागच्या वेळी त्यांनी याच कारणावरून एकाला ऐनवेळी वगळलं होतं. त्या आजीबाईंनी आपल्याच गव्हर्नरचा पत्ता कापला.”

तिने लुएलाला फोन लावला. वाजत राहिला. शुक्रवारी सकाळी लावला, दुपारी लावला; कुणी उचलला नाही. टेस्मरांच्या फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती, वाट बंद होती. आयोनीला स्वतःच्या घरात बसवेना. सदर जाणार ते जाऊ दे. पण लुएलाच्या लेकीचं आयुष्यातलं एवढं मोठं पान आपण फाडलं असेल तर? तिने गाडी काढली आणि ती ऑर्व्हिलच्या गोठ्यात गेली. तो गाईंना दूध काढायचं यंत्र लावत होता.

“तू खोटं लिहिलंस?” सगळं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं.

“नाही.”

“लुएलाने नको म्हटलं होतं?”

“नाही रे. पण माझ्या पेन्सिलीने त्या पोरीचं नशीब फिरलं तर?”

ऑर्व्हिल गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तो फार बोलणारा माणूस नाही. एका वेळी तीन वाक्यं बोलला की त्याला बसावं लागतं.

“एकदा बर्फात मी इथे मांडी मोडून पडलो होतो,” तो म्हणाला. “दोन दिवस. नॉर्मन ब्राटली आला तो का आला? तीन आठवडे पेपरात माझं नाव नव्हतं म्हणून आला. त्या पेन्सिलीला माझ्यासमोर नावं ठेवायची नाहीत, आयोनी.”

आणि तो खरंच बादली पालथी घालून तिच्यावर बसला. आयोनीला रडू फुटलं. ती मनसोक्त रडली, मग तिने त्याची दुधाची भांडी धुऊन दिली आणि घरी आली.

शनिवारी सकाळी ती खिडकीशी बसून होती. आठ वाजले. रस्ता मोकळा. साडेआठ. टीव्हीवर फ्लोरिडाच्या सिनेटरांचं घर दाखवत होते. तिथे तीनशे कॅमेरे उभे. नऊला दहा मिनिटं कमी असताना मक्याच्या पलीकडे खडीच्या रस्त्यावर धूळ उठली. एक काळी गाडी. दोन. सहा. आयोनी उभी राहिली. चौदा! सवयीने तिने मोजल्या. त्यांच्या मागे शाळेची पिवळी बस, आणि बसच्या खिडक्यांतून बाहेर आलेली बँडवाल्या पोरांची पितळी वाद्यं.

फोन वाजला.

“आयोनी, कुठे तडमडलीस?” लुएला ओरडत होती. “बावीस पाय झालेत नि हात फक्त माझे दोन! ये लवकर! दोन दिवस फोन काढून ठेवला होता गं या मेल्यांनी, नाहीतर मी तुला कधीच...”

“लुएला! रोंडाच ना?”

“दुसरं कोण! ये आधी!”

आयोनी मक्याच्या कडेने गेली नाही. ऐंशी मागे पडली तरी ती सरळ मक्यातून घुसली आणि केसांत तुरे घेऊन टेस्मरांच्या अंगणात उतरली. त्या म्होरक्याने तिला पाहिलं, गर्दीतून वाट करून दिली आणि कानाकडे बोट दाखवून म्हणाला, “बॅटरी खिशातच आहे, मॅडम.”

गवताच्या गाडीचं व्यासपीठ केलं होतं. होल्कम वर चढले आणि म्हणाले की माझी जोडीदार याच अंगणात वाढली. मग बँडने जो काही गोंगाट केला, त्यात सूर कमी होता पण जोर असा होता की गोठ्यातल्या गाई हंबरू लागल्या. एल्रॉय टेस्मर, ज्याला कुणी कधी टाळी वाजवताना पाहिलं नव्हतं, तो टोपी हवेत उडवत होता. लुएला ॲप्रन तोंडाला लावून उभी होती आणि आयोनीने तिचा दुसरा हात घट्ट धरला होता.

रोंडा बोलायला उभी राहिली. “ही गोष्ट मी माझ्या मुलांपासून लपवली,” ती म्हणाली. “सगळ्या देशाच्या पत्रकारांपासून लपवली. सिनेटर होल्कम यांनी परवा रात्री मला फोन करून विचारलं, ‘ही आयोनी क्वामेन कोण? बातमी तिने फोडली.’ मी म्हटलं, ‘तिने काही फोडलेलं नाही. कोण आलं, काय खाल्लं आणि कधी गेलं, एवढंच ती लिहिते. माझ्या अंगणात तुमची माणसं आली आणि तिने ती लिहिली नसती, तर मला तिची काळजी वाटली असती.’ त्यावर ते म्हणाले, ‘अशा गावातलं माणूस मला हवंच आहे.’”

गर्दीने आयोनीकडे वळून जो जल्लोष केला, तो तिला कानाचं यंत्र बंद करून ऐकावा लागला.

खाली उतरल्यावर होल्कम स्वतः तिच्याशी हात मिळवायला आले. “मग, माझ्याबद्दल काय लिहिणार?”

“ते तुम्ही कधी निघता त्यावर आहे,” आयोनी पॅड उघडत म्हणाली. “आणि किती तुकडे खाता.”

रोंडाने तिला मिठी मारली. “आयोनीमावशी, राजधानीत मला ‘लीडर’ टपालाने येतो. ऑर्व्हिल बरा आहे ना?”

“बरा आहे. का गं?”

पण रोंडाने उत्तर द्यायच्या आत लोकांनी तिला ओढून नेलं.

ट्रेव्हर लुंड कोपऱ्यात उभा होता, त्याच्या पहिल्या पानाची घडी करून काखेत लपवलेली. त्याने कान पकडायचेच बाकी होते. “मिसेस क्वामेन, मिलवॉकीहून मोठ्या साहेबांचा फोन होता. तुमचं सदर चालू राहणार, तुम्हाला हवं तितकी वर्षं. आणि पहिल्या पानावर! फोटोसकट!”

“पान पाच,” आयोनी म्हणाली. “खाली डावीकडे.”

“पण आता सगळा देश...”

“देशाला शोधता येईल. नॉर्मन ब्राटली मात्र चष्मा न लावता थेट तिथे बघतो, त्याची पंचाईत नको. आणि ट्रेव्हर, ते निरोपाचं मी लिहिणार नाही. जा, पाय खा.”

त्या गडबडीत एक तरुण तिच्याजवळ आला. उंच, कानात वायर, पण चेहरा नवीन. “मॅडम, तुमच्या मजकुरात एक चूक होती,” तो दबक्या आवाजात म्हणाला. आयोनीने लगेच पॅड उघडलं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला असं म्हणत होतं.

पुढच्या गुरुवारी ‘लीडर’चे नेहमीच्या दहापट अंक छापावे लागले. पान पाच, खाली डावीकडे:

‘एल्रॉय आणि लुएला टेस्मर यांच्याकडे शनिवारी त्यांची कन्या रोंडा, सिनेटर होल्कम आणि सुमारे दोन हजार पाहुणे आले होते. सफरचंदाचे पाय बावीस झाले, पुरले नाहीत. सिनेटरांनी तीन तुकडे खाल्ले. सव्वाबाराला निघाले.

‘दुरुस्ती: मागच्या आठवड्यात टेस्मर यांच्याकडे सहा तरुण आल्याचं लिहिलं होतं. ते सात होते. सातवा गाडीत बसून होता. त्याला पाय मिळाला नव्हता याचं लुएला यांना फार वाईट वाटलं. शनिवारी त्याला दोन तुकडे देण्यात आले.

‘आयोनी क्वामेन यांच्याकडे गुरुवारी अकरा वार्ताहर आले होते. कॉफी झाली.

‘ऑर्व्हिल स्टेन्सरुड यांच्याकडे शुक्रवारी आयोनी क्वामेन आल्या होत्या. रविवारी पहाटे दूध काढायच्या वेळेला रोंडा टेस्मर केक घेऊन आल्या होत्या. तीन आठवडे ऑर्व्हिल यांचं नाव दिसलं नाही म्हणून आले, असं त्यांनी सांगितलं. शेवटच्या गाईपर्यंत थांबल्या.’